सोमवारचा फोन

दर सोमवारी सकाळी जुन्या ऑफिसातून काकांना फोन यायचा. तिथलं सॉफ्टवेअर अडून बसलेलं असायचं. त्याला लागणारा, बाहेरच्या कंपनीकडून आणलेला कोड निवृत्त काकांच्या खाजगी फोल्डरमध्ये होता आणि दर आठवड्याला बदलणारा त्या फोल्डरचा पासवर्ड फक्त काकांकडे यायचा. फोन येईपर्यंत काका दाढी करून तयार असायचे.

त्या सोमवारी ऑफिसातली नवी इंजिनिअर मुलगी बोलत होती.

"काका, बाहेरचा कोड सगळ्यांच्या सामाईक फोल्डरमध्येच ठेवायचा, हे तुम्हीच सगळ्यांना घोकून घोकून शिकवलंत म्हणे! मग हा तुमच्याकडे कसा?"

"वय झालं गं. चुकून राहिला असेल."

"असू दे. आज मी सिस्टीमवाल्यांकडून तुमचा फोल्डर उघडून घेतला आणि तो जागच्या जागी नेऊन ठेवला. सुटलात तुम्ही! आता कुणी त्रास देणार नाही."

"बरं केलंस, पोरी. गेल्या सोमवारी तुझी दाढ दुखत होती ना, ती आता..."

फोन केव्हाच बंद झाला होता.

तो कोड बारा वर्षं जागच्या जागीच होता. निवृत्तीच्या दिवशी सगळे निरोपाच्या फोटोसाठी खाली जमले, तेव्हा काकांनीच तो आपल्या फोल्डरमध्ये हलवला होता.