एकट्यानं घेतलेल्या गोळ्या

"दोन्ही गर्भनळ्या बंद आहेत. जुन्या संसर्गामुळे," डॉक्टरबाई वृषालीला म्हणाल्या. "क्लॅमिडिया. शरीरसंबंधातून होतो, बाईला बहुधा कळतही नाही. मिस्टरांना कधी लघवीला जळजळ झाली होती?"

शेजारी बसलेल्या सासूबाई, यमुनाबाई, 'छे' म्हणणार, इतक्यात त्यांचा मुलगा हेमंत मान खाली घालून म्हणाला, "लग्नानंतर वर्षभरानं. कामासाठी बाहेरगावी होतो, तेव्हा चूक झाली. गोळ्या घेतल्या, बरं वाटलं."

"बायकोलाही आणा, असं सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं. पण तिला काय सांगून आणणार होतो?"

नऊ वर्षं यमुनाबाईंनी सुनेला मुलासाठी उपास करायला लावले, काढे पाजले. गेल्याच महिन्यात लेकीच्या डोहाळजेवणात ती ओटी भरायला पुढे आली, तर सगळ्या बायकांदेखत तिच्या हातातलं तबक काढून घेतलं होतं.

वृषाली रडली नाही. "तेव्हाच मीही घेतल्या असत्या तर?" एवढंच तिनं विचारलं.

"तर नळ्या बहुतेक वाचल्या असत्या," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या.

बाहेर व्हरांड्यात यमुनाबाईंनी तिचा हात धरला. "पोरी, मला खरंच माहीत नव्हतं गं."

वृषालीनं हात सोडवून घेतला, पण आवाज चढवला नाही. "आई, नऊ वर्षं तुम्ही मलाच विचारत होतात. त्यांना एकदा तरी विचारायचं होतंत."

मग ती एकटीच रिक्षात बसली आणि तिनं माहेरचा पत्ता सांगितला.