भूक लागण्याआधी

दुपारचे चार वाजले तरी तिसऱ्या मजल्यावरच्या धनुरे सरांना काही भूक लागत नव्हती. भज्यांची पिशवी घेऊन रेवण त्यांच्या बंद दाराबाहेर पाऊण तास ताटकळत होता. कुणाला कधी काय खावंसं वाटणार, हे ॲपला आधीच कळायचं आणि ते लगेच दारात धाडलं जायचं. गिऱ्हाइकाने ऑर्डर देईपर्यंत मात्र बेल वाजवायची नाही. तोवर भजी गार झाली, की बोलणी रेवणनेच खायची.

"लागू दे की एकदाची भूक या माणसाला!" तो दातओठ खात पुटपुटला.

तेवढ्यात कंपनीची तसलीच पिशवी खांद्याला लावून एक बाई जिना चढून आली.

"दादा, तुमच्या जागी मला पाठवलंय."

"माझ्या जागी? का म्हणून?"

"तुम्ही काम सोडताय, असं ॲप म्हणतंय."

रेवणचं डोकं सणकलं. "मी कधी सोडलं? घरी दोन पोरी आहेत माझ्या. सोडून खाऊ काय?"

"अजून नाही सोडलंत, माहितीये मला," ती ओशाळून म्हणाली आणि खालच्या पायरीवर टेकली. "तुमचं चालू द्या, दादा. मी थांबते."