सुपातले खडे

महागू मँगनीजच्या खदानीत उतरला की मैनाबाई दारात सूप घेऊन बसायची. तांदळातला एकेक खडा वेचताना छातीतली धडधड मंदावायची, सुपातले तांदूळ तिच्या डोळ्यांपुढे वैनगंगेच्या पांढऱ्या वाळूसारखे पसरायचे आणि त्या वाळूवरून महागू घराकडे चालत यायचा. तांदूळ निवडून संपले आणि सुटीचा भोंगा अजून वाजला नसला, तर ती वेचलेले खडे पुन्हा तांदळात मिसळायची. “निवडलेले तांदूळ काहून नासवतं वं?” महागू हसायचा. “हात रिकामे झाले का जीव तुमच्यामांगं खदानीत उतरते,” ती म्हणायची. अशी सव्वीस वर्षं गेली. महागू रिटायर झाला आणि त्याच्या जागी मुलगा खदानीत लागला. मुलाच्या पहिल्या पाळीला महागू तिच्यासमोर बसून निवडू लागला. तांदूळ स्वच्छ झाले. भोंग्याला अजून वेळ होता. मैनाबाई काही म्हणायच्या आत महागूनंच खड्यांची मूठ पुन्हा सुपात उघडली.