कॅमेऱ्याला बसलेला हादरा

वरातीतल्या डीजेने पंचवटीकरांचे कसे हाल होतात, यावर शेखरने माहितीपट काढला. पहिला खेळ गल्लीतल्याच मंगल कार्यालयात लावला आणि पहिल्या रांगेत आईला बसवलं, कारण डीजे आला की फळीवरचे डबे धडाधड पडतात ही मूळ तक्रार तिचीच.

पडद्यावर वरात निघाली. मराठी गाण्याला खिडक्या थरथरल्या, हिंदी गाण्याला भिंती. मग डीजेवाल्याने एक जुनं ब्रिटिश पॉप गाणं लावलं. ज्याच्या नादाने शेखरने कॉलेजात खांद्यापर्यंत केस वाढवले होते, नेमकं तेच. आणि अख्खं चित्रच गदागदा हलायला लागलं.

"बघा, केवढा हा हादरा! कॅमेरा हातात धरवेना मला," शेखर माईकवर गहिवरून म्हणाला.

"काय सोसलंस रे पोरा," शेजारचे नाथाकाका हळहळले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

शेखरने मोठ्या अभिमानाने माईक आईपुढे धरला. "तू सांग आई, खोटं आहे का हे?"

"हादऱ्याने माझे डबेही पडतात," आई म्हणाली, "पण तालावर नाही पडत रे."