दुसरा कप्पा

“चांगला चालत होता. कुणी सांगितले होते नसते उद्योग?” सासूबाई पुटपुटल्या. पुटपुटल्या म्हणजे, सुनेला नीट ऐकू जाईल अशा बेतानं.

सून कॉम्प्युटरसमोर मान खाली घालून बसली होती. या जुन्या डब्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकायचं तिनंच ठरवलं होतं. व्हिडिओ बघून बघून शिकली होती. हार्ड डिस्कचे दोन भाग: एक लिनक्ससाठी, दुसरा सासऱ्यांच्या लिखाणासाठी. सकाळी घरादाराला व्याख्यानही देऊन झालं होतं. “फाइल सिस्टिम म्हणजे कपाटातले कप्पे. कप्पे बदलायचे तर आधी सामान बाहेर काढायचं.”

मग तिनं लिनक्सला मानवणारी ईएक्सटी-फोर ही फाइल सिस्टिम निवडली आणि ऐटीत दोन्ही भागांपुढे, आतलं सगळं पुसून टाकणाऱ्या ‘फॉरमॅट’वर टिचकी मारली. दुसऱ्या भागातलं सामान आतच होतं. सासऱ्यांचं आत्मचरित्र. सहा वर्षं, एकेचाळीस प्रकरणं. हरवलेलं शोधून देणारा प्रोग्रॅम चार तास फिरला आणि हात हलवत परत आला.

“काय ओघवतं लिहिलं होतं बाबांनी!” नवरा हळहळला.

“विशेषतः बालपण,” फोनच्या स्पीकरवरून नणंद म्हणाली. आत्मचरित्रात बालपण असणारच.

“माझ्याबद्दलही किती छान लिहिलं होतं,” सासूबाईंनी नाक ओढलं.

सुनेला वाटलं, आपणही डिस्कबरोबर पुसले गेलो असतो तर बरं झालं असतं.

सासऱ्यांनी शांतपणे चष्मा पुसला. “एवढी सुतकी तोंडं कशाला? एकेक प्रकरण झालं की तुम्हा सगळ्यांना मेल करतच होतो की मी. तुम्ही ‘छान’ म्हणायचात. सूनबाई, तुझ्याच मेलमधून काढ.”

नवऱ्याला एकदम खिडकीची ढिली कडी आठवली. नणंदेला आवाज नीट येईनासा झाला. सासूबाई दूध बघायला गेल्या. दूध सकाळीच तापलं होतं.

सुनेनं मेलबॉक्स उघडला. एकाखाली एक एकेचाळीस ओळी. सगळ्या ठळक, काळ्याभोर. न उघडलेल्या मेलच्या असतात तशा. सासरे खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि त्यांनी चष्मा चढवला.

तिचा हात स्क्रीन झाकायला पुढे गेला आणि मागे आला.

“बाबा,” ती म्हणाली, “यातलं एकही मी वाचलेलं नाही.”