वरचं पाणी

हलिमाने हंड्यावरचं झाकण पुन्हा काढलं. पाणी अजून चहाच्याच रंगाचं. तुरटी फिरवल्यावर रेती केव्हाच तळाला गेली होती, पण पुराचा बारीक गाळ पिठासारखा. तो खाली बसायला तयार नव्हता. झाकण काढलं की हंडा हलायचा, आणि बसलेला थोडासा गाळही वर यायचा. हे कळत असूनही हात राहत नव्हता.

आतल्या खोलीत, चिखल खरवडून केलेल्या जागेवर, तिची सासू रिझवाना पांढऱ्या चादरीखाली होती. पूर काल ओसरला, आणि ती आज पहाटे गेली. महाडात नळाला पाणी नव्हतं. विहिरींत सावित्री नदीचा गाळ. दुपारनंतरच्या असरच्या नमाजाआधी मय्यत न्यायची होती, आणि त्याआधी गुसल, म्हणजे मय्यतीची आंघोळ.

"मौलवी म्हणाले, मातीने पाणी नापाक होत नाही," तिचा नवरा जुल्फिकार दारातून म्हणाला. "आहे त्यानेच घाला."

"मौलवींना चालेल. तुमच्या अम्मीला चालेल का?"

पाणी हा अम्मीचा मोठा हट्ट. तुरटी फिरवून ठेवलेल्या हंड्याजवळून कुणी पाय आपटत गेलं तरी ती ओरडायची. नव्या नवरीला, म्हणजे हलिमाला, सासूचा पहिला ओरडा बसला तो यावरूनच. सकाळी वाटीने अलगद वरवरचं पाणी काढायचं ते माणसांना, तळाचं जास्वंदीला. अशा बाईला गढूळ पाण्याने आंघोळ?

तेवढ्यात मागच्या दारी आवडी आली. डोंगरावरच्या वाडीतून भाजी घेऊन दारोदार फिरणारी. आज टोपली नव्हती. तिच्या आणि तिच्या सुनेच्या, सारिकाच्या, डोक्यावर एकेक हंडा होता. दोघींचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेले.

"रिझवाना खालाला यानं आंघोळ घाला," ती म्हणाली. "आणि मला नको-नको करू नको गो. येळ जातो."

हलिमाने त्यांच्या हंड्यात डोकावलं. नितळ पाण्यातून तळ दिसत होता.

मय्यत वेळेवर गेली. बायका म्हणाल्या, हंडे उद्या पोचव. पण हंडे इथे अडकले तर आवडी आणि सारिका पाणी कशात भरतील? हलिमा संध्याकाळीच वाडीत गेली. वाटेत तिच्या मनात एकच, बरं झालं, डोंगरावर झरा आहे, तिथे कसला पूर.

आवडीच्या पडवीत घरातली सगळी भांडी ओळीने मांडलेली. कळशी, टोप, भाताचं पातेलंसुद्धा. प्रत्येकाच्या तळाशी तेवढं बोटभर लाल पाणी. सारिका त्यातलंच पदराच्या घडीतून चहासाठी गाळत होती.

"झरा पण मातीच ओकतोय," ती ओशाळून म्हणाली. "काल भरून ठेवलेलं तेवढंच निवळलं."

हलिमाच्या हातातले हंडे तसेच राहिले. "मावशी, सगळं वरचं आम्हाला दिलंत?"

आवडीने हंडे घेऊन बाजूला ठेवले.

"तुझ्या सासूनं एक जुडी फुकट काढल्याबिगर मला कधी सोडलं नाय," ती म्हणाली. "पण पाणी मागितलं, तर तळाचं कधी दिलं नाय, वरचंच दिलं."