आभाळातली कुत्री

"ते राहू द्या बुवा. रशियानं आभाळात सोडलेली ती कुत्री खाली कधी येणार?" भर कीर्तनात सगुणाकाकू उठून उभ्या राहिल्या.

रंगनाथबुवांची चिपळी थांबली. निष्ठेचा दृष्टांत म्हणून लायकाची गोष्ट मघाशी त्यांनीच रंगवली होती. तिला परत आणायची सोयच केलेली नाही, एवढं मात्र गिळलं होतं.

"काकू, आधी आरती होऊ द्या."

"लेकरू वर अडकलंय, आणि आरती कसली करताय?"

पेटीवाला हसला. नारदाच्या गादीवर उभं राहून खोटं बोलायचं नसतं. बुवा घुटमळले, गादीवरून खाली उतरले आणि काकूंजवळ जाऊन हळूच म्हणाले, "येईल हो, येईल."

काकूंनी त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"बुवा, हेच गादीवर उभं राहून सांगा बघू."